एरोची हनुवटी

पुण्यात माणसाला कामावरून काढायचं असेल तर आधी त्याचा सत्कार करतात. शालूबाईंचाही केला. नारायण पेठेतल्या व्यायामशाळेत एकतीस वर्षं मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवणाऱ्या ह्या बाईंना नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतर एका रविवारी खुर्चीवर बसवलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला, आणि चिटणीस हिंमतरावांनी माईकवरून जाहीर केलं की बाई आजपासून संस्थेच्या ज्येष्ठ सल्लागार आहेत. सल्ला कोण विचारणार आणि कधी विचारणार, हे मात्र सांगितलं नाही. टाळ्या झाल्या, पेढे झाले, आणि सोमवारी सकाळी सहाला व्यायामशाळेचं कुलूप नव्या प्रशिक्षकाने उघडलं.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ऑक्टोबरात राज्य स्पर्धा होत्या आणि बाईंनी ऐनवेळी चैतालीचं नाव यादीतून खोडलं होतं. चैताली म्हणजे शनिवार पेठेतल्या केबलवाल्या कोंडीरामची तेरा वर्षांची मुलगी, बाईंची सगळ्यात तयारीची विद्यार्थिनी. "पोर दोरीवरून सुटताना खाली बघते. घाबरली आहे. ह्या वर्षी नको," एवढंच बाईंचं म्हणणं. हिंमतरावांनी पाहिलं, बाईंच्या हाताखाली नुकत्याच आलेल्या नव्या प्रशिक्षकाने पाहिलं, कोंडीरामनेही येऊन पाहिलं. कुणालाच काही दिसलं नाही. नाव पुन्हा यादीत गेलं आणि चैताली कांस्यपदक घेऊन आली.

"बाई, राग मानू नका," हिंमतराव म्हणाले, "पण तुमची नजर आता पूर्वीची राहिली नाही."

हे वाक्य शालूबाईंच्या जिव्हारी लागलं. शालीचं आणि नारळाचं त्यांना काही नव्हतं. शाल उबदार होती आणि नारळाच्या वड्या चांगल्या झाल्या. पण बाईंनी संसार केला नव्हता, पदव्या मिळवल्या नव्हत्या. आयुष्यभराची कमाई म्हणजे ती नजर. पोरगी दोरीवर दोन हात चढली की तिच्या पायाच्या अंगठ्यावरून बाई सांगायच्या, आज घरी बोलणी खाऊन आली आहेस. तीच नजर गेली असेल, तर मग उरलं काय? बाई मुकाट्याने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डोळे उत्तम आहेत, चष्म्याचा नंबरही तोच आहे, असं डॉक्टर म्हणाले. त्याने तर आणखीच पंचाईत झाली.

रिकाम्या माणसाने काय करावं? बाई टीव्ही बघू लागल्या. तेव्हा केबलवर वाहिन्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. त्यात सत्तावीस नंबरवर कोंडीराम आपल्या लहरीप्रमाणे कधी क्रिकेट, कधी परदेशी खेळ लावायचा. डिसेंबरातल्या एका दुपारी बाईंनी सत्तावीस नंबर लावला, तर एक माणूस दोन्ही पायांना माणसाहून लांब फळ्या बांधून एका उंच मनोऱ्यावर बसलेला. खाली बर्फाची घसरगुंडी. माणूस सुटला, सणाणत खाली आला, टोकावरून उडाला आणि अंग पुढे झोकून हवेत चक्क पालथा पडून राहिला. शंभर मीटर पुढे जाऊन बर्फावर उतरला आणि हात हलवत निघून गेला.

"ह्याला आईबाप आहेत की नाहीत?" हे बाईंचं पहिलं मत.

दुसरं मत अर्ध्या तासाने बनलं, ते असं की तिसऱ्या आलेल्या मुलाचे गुडघे चांगले आहेत. आठवडाभरात बाईंना सगळा खेळ कळला. नुसतं लांब उडून भागत नाही. पाच परीक्षक उतरणंही तपासतात. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, हात दोन्हीकडे पसरलेले, असं अलगद उतरायचं. धप्पकन दोन्ही पाय जोडून पडलात की गुण गेले. बाईंना हे फार पटलं. वर कुणीही जातो, खरी विद्या उतरण्यात आहे, हे त्या एकतीस वर्षं ओरडून सांगत होत्या.

आणि मग त्यांनी एरोला पाहिलं. फिनलंडचा हा पंचवीस वर्षांचा लांबोडका पोरगा. आडनाव इतकं मोठं की निवेदकही धापा टाकत म्हणायचा. कधीकाळचा विजेता, पण आता अठ्ठाविसावा आला. निवेदक म्हणाला, बिचाऱ्याचा वेग कमी पडतो. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. वेग कसला कमी पडतोय? पोरगा हवेत सुरेख होता. पण जमीन जवळ येताच त्याची हनुवटी किंचित खाली झाली, हनुवटीमागून छाती उचलली गेली, आणि वाऱ्यावरून तो कडेवरच्या मुलासारखा घसरला. उडी तीन मीटर तोकडी पडली, पायही जोडलेले.

"खाली बघतोय! अरे, खाली बघतोय तो!" बाई रिकाम्या खोलीत ओरडल्या.

ओरडून झाल्यावर त्यांना घाम फुटला. चैतालीच्या वेळीही त्यांना असंच दिसलं होतं. खरंच दिसलं, की हा नुसता मनाचा खेळ?

बाईंच्या भावाची मुलगी पूर्णिमा कात्रजला राहायची आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. एकतीस डिसेंबरला रात्री बारा वाजता जगातले सगळे संगणक बंद पडणार, ह्या धास्तीने कंपनीने तिला महिनोन्महिने राबवलं होतं. जग काही बंद पडलं नाही, आणि जानेवारीत पूर्णिमाला वेळच वेळ झाला. आत्याच्या सांगण्यावरून तिने ऑफिसातल्या इंटरनेटवरून एरोची सगळी कुंडली छापून आणली. बाप गावात बस चालवायचा. सहाव्या वर्षी पोराने गॅरेजच्या छपरावरून पहिली उडी मारली आणि आईचा मार खाल्ला. चौदाव्या वर्षी राष्ट्रीय संघात आला, एकोणिसाव्या वर्षी जगज्जेता झाला. पुढची दोन वर्षं त्याच्यापुढे कुणी उभं राहू शकलं नाही. विमानतळावर बँड वाजायचे, पोस्टाच्या पाकिटावर त्याचं चित्र आलं. बाविसाव्या वर्षी वादळी वाऱ्यात पडला, डावा गुडघा मोडला. वर्षभराने परत आला. तेव्हापासून कधी विसावा, कधी तिसावा.

"पडला, त्यानंतरच," बाई म्हणाल्या. "बस, लिही त्याला."

"काय लिहू?"

"लिही की आपण उतरण्याआधी खाली बघता. हे चूक आहे."

"आत्या, अगं असं डायरेक्ट नाही लिहीत कुणी. वर्ल्ड चॅम्पियन होता तो! मी आधी थोडं 'विथ ड्यू रिस्पेक्ट' वगैरे टाकते."

"टाक. आदर आहेच. पण चूक ती चूक."

पुणेकराला हे नवीन नाही. जगात कुठेही काही चुकलेलं दिसलं की पत्र लिहून कळवणं हे तो कर्तव्यच मानतो. रेल्वेला कळवतो, वर्तमानपत्राला कळवतो, मग फिनलंडने काय घोडं मारलंय? पूर्णिमाने एरोच्या क्लबचा ई-मेल शोधला आणि पत्र पाठवून दिलं. उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. बाईंना वाटत होतं, पण त्या तसं बोलल्या नाहीत.

अकराव्या दिवशी पूर्णिमा हेल्मेट न काढताच जिना चढून आली. हातात कागद होता. एरोने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: 'तुमचं पत्र क्लबमध्ये मोठ्याने वाचलं. बर्फ न पडणाऱ्या गावातून आलं म्हणून सगळे खूप हसले. मीही हसलो. मग घरी जाऊन जुन्या टेप काढल्या आणि एकेक चित्र थांबवून पाहिलं. पडण्याआधीच्या उड्यांत माझी हनुवटी वर आहे. नंतरच्या एकाही उडीत नाही. तीन वर्षांत आम्ही फळ्या बदलल्या, पोशाख बदलला, वजन घटवलं, प्रशिक्षक बदलले. माझ्या तोंडाकडे कुणीच पाहिलं नाही. आता काय करू, ते सांगा.'

"परत वाच," बाई म्हणाल्या. पूर्णिमाने वाचलं. "अजून एकदा." तिसऱ्या वेळी बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग चहा टाकायला उठल्या.

पण चहा उकळता उकळता त्यांचा आनंद निम्मा झाला. खोट काढणं पुण्यात कुणाला जमत नाही? हिंमतराव नेमकं हेच म्हणतील. नजर खरी ठरायची तर पोरगा उतरला पाहिजे, हनुवटी वर ठेवून, सगळ्यांच्या देखत.

उपाय बाईंच्या हाताशी होता. घाबरलेली मुलगी दोरीवर चढली की बाई समोरच्या भिंतीपाशी उभ्या राहायच्या आणि ती सुटली रे सुटली की हात वर करायच्या: "बोटं किती?" गादीवर पाय टेकायच्या आत मुलीने आकडा ओरडायचा. बोटं मोजायची तर समोर बघावंच लागतं, आणि भीती वाटायला तेवढ्यात सवड मिळत नाही. चैतालीवर हा उपाय सुरू करणार, तोच तिचं नाव यादीत गेलं होतं. बाईंनी सगळं सविस्तर लिहवून घेतलं.

चार दिवसांत उत्तर आलं: 'मी ताशी नव्वद किलोमीटरने येतो. तुमची बोटं मला दिसत नाहीत.'

"मग मोठं काहीतरी दाखव म्हणावं," बाई चिडून म्हणाल्या. "डोकं आहे ना त्या प्रशिक्षकाला? घोंगड्या घ्या. तांबडी, निळी, पिवळी. हा वरून सुटला की समोर लांबवर एक उघडायची. कोणती, ते ह्याला आधी सांगायचं नाही. ह्याने टेकायच्या आत रंग ओरडायचा. न ओरडता उतरला तर ती उडी धरायची नाही."

पूर्णिमाने 'घोंगडी'ला इंग्रजीत काय म्हणायचं ह्यावर थोडा विचार केला आणि पाठवून दिलं. मग फेब्रुवारीभर पत्रं येत राहिली. पहिल्या दिवशी वीस उड्या, रंग चारदा बरोबर. आठवड्याने वीसपैकी चौदा. मग एक पत्र असं: 'घोंगड्या प्रशिक्षकाच्या आईच्या आहेत. ती परत मागते आहे. आम्ही देत नाही.' बाईंना ती म्हातारी न बघताच आवडली.

शेवटचं पत्र मात्र गंभीर होतं. मार्चच्या पहिल्या रविवारी हंगामातली मोठी स्पर्धा. पहिल्या पाचांत आला नाही तर संघातून बाहेर, असं वरिष्ठांनी एरोला सांगून टाकलं होतं. आणि स्पर्धेत घोंगड्या नसतील.

"त्याचाही सत्कार करायला टपलेत मेले," बाई म्हणाल्या.

त्या रविवारी साडेचार वाजता बाईंनी सत्तावीस नंबर लावला, तर समोर क्रिकेट. भारताची मॅच ऐन रंगात आलेली. बाईंनी चपला घातल्या आणि तडक कोंडीरामची केबलची खोली गाठली. पूर्णिमा मागोमाग धावली.

कोंडीरामकडे जाणं सोपं नव्हतं. बाईंनी पोरीचं नाव खोडलं तेव्हापासून तो त्यांच्याशी बोलत नव्हता. वरून, पदक आणल्यावर चैतालीने व्यायामशाळेत पाऊल टाकलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, अभ्यास आहे. बाईंनीच पोरीचं मन मोडलं, असं कोंडीराम पेठभर सांगत होता. खोलीत वायरींचं जंगल, भिंतीला तीन छोटे टीव्ही. चैताली कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. बाईंना बघून तिने मान खाली घातली.

"कोंडीराम, सत्तावीसवर बर्फातल्या उड्या लाव. दहा मिनिटं."

"बाई, म्याच हाय आज. पेठ जाळंल मला!"

"माझा विद्यार्थी उडी मारतोय."

"तुमचा विद्यार्थी? बर्फात?"

"आहे खरंच, काका," पूर्णिमा मध्ये पडली. तिने एका दमात सगळं सांगितलं: हनुवटी, गुडघा, घोंगड्या, पहिले पाच. कोंडीराम ऐकत होता, पण त्याचा हात काही हलला नाही.

"खाली बघतो म्हणून पडत होता?" कोपऱ्यातून चैतालीने विचारलं. "एवढा मोठा माणूस?"

"हो," बाई म्हणाल्या.

"बाबा, लावा ना ते."

पोर चार महिन्यांनी काहीतरी मागत होती. कोंडीरामने देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. शनिवार पेठेतल्या चारशे घरांतून क्रिकेट गेलं आणि बर्फ आलं.

पहिला फोन अर्ध्या मिनिटात वाजला. "अहो, आपण झोपलात का? की शुद्धीवरच नाही आहात?" दुसऱ्याने विचारलं, "हे नवीन पीच का?" तिसऱ्या फोननंतर कोंडीरामने रिसीव्हर काढून ठेवला. मग माणसंच आली. सगळ्यांत पुढे हिंमतराव, पायजम्यावर बनियन तसंच. "कोंडीराम, हा काय चावटपणा..." बाईंना बघून ते थबकले.

"बसा, हिंमतराव," बाई म्हणाल्या. "माझी नजर तपासायची वेळ झालीय. तुम्ही असलेलं बरं."

पहिल्या फेरीत एरो नववा होता. दुसऱ्या फेरीची त्याची उडी आली. मनोऱ्यावरच्या दांडीवर तो बसला होता, एवढासा. बाईंनी पूर्णिमाचं मनगट असं पकडलं की पुढे दोन दिवस ते दुखत होतं. एरो सुटला. खोलीत आणि दारात मिळून वीसेक माणसं माना उंचावून बघत होती. टोकावरून तो उडाला आणि पसरला, वाऱ्यावर आडवा झाला. बाई फक्त हनुवटी बघत होत्या. जमीन जवळ आली. अजून जवळ. हनुवटी वर. आणि बर्फाला टेकायच्या आत एरोने तोंड उघडलं आणि जीव खाऊन काहीतरी ओरडला.

"ओरडला का हो तो?" हिंमतराव म्हणाले. टीव्हीवरचा निवेदकही गोंधळला होता.

"रंग ओरडला!" पूर्णिमा किंचाळली. "आत्या, घोंगडी नाहीये तिथे, तरी ओरडला!"

एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, हात पसरलेले. कुणी झोपलेल्या मुलाला पाळण्यात ठेवावं तसा एरो बर्फावर उतरला. आकडे आले. एकशे एकवीस मीटर. पाच परीक्षकांपैकी तिघांनी वीसपैकी वीस दिले. नववा होता तो पहिला झाला. पहिल्या फेरीत त्याच्या पुढे असलेल्या आठांच्या उड्या अजून व्हायच्या होत्या. त्यांतले दोघेच त्याच्या पुढे गेले, आणि एरो तिसरा राहिला. तीन वर्षांनी तो बक्षिसाच्या पायरीवर चढला, तेव्हा एक म्हातारी तांबडी घोंगडी खांद्यावर टाकून त्याला मिठी मारत होती.

खोलीत एकच गलका झाला. मॅच विसरून लोक टाळ्या पिटत होते. ज्यांना अजून काहीच कळलं नव्हतं, तेही पिटत होते. कोंडीरामने रिसीव्हर जागेवर ठेवताच फोन वाजला आणि पलीकडून कुणीतरी विचारलं, "तो पोरगा कितवा आला हो? आमच्याकडे वीज गेली होती." शालूबाई हसत होत्या, रडत होत्या आणि दोन्ही करताना अजिबात लाजत नव्हत्या.

"बाई," हिंमतराव खाकरले, "त्याचं बरोबर निघालं तुमचं. मानलं. पण चैतालीचं मात्र तेव्हा..."

"मी खालीच बघत होते."

सगळे वळले. चैताली उभी राहिली होती. वहीची गुंडाळी करून तिने हातात घट्ट धरली होती.

"सरावात बघायचे, आणि स्पर्धेत तर डोळेच मिटले. पाय कसे टेकले, मला माहीत नाही. सगळ्यांनी पदक घातलं गळ्यात, पेढे वाटले. मग सांगू कशी? त्यानंतर व्यायामशाळेच्या दारातूनच परत फिरायचे. बाई म्हणत होत्या ते खरं होतं. बाईंना एकट्यांनाच दिसलं."

कोंडीरामने तोंडावरून हात फिरवला. हिंमतराव आधी छताकडे बघू लागले, मग स्वतःच्या बनियनकडे. शालूबाईंनी इतके दिवस ह्या क्षणाची वाट बघितली होती. काय काय बोलायचं, हेही ठरवून ठेवलं होतं, आणि त्यातलं बरंचसं झोंबणारं होतं. पण समोर ती पोर उभी होती, चार महिने हे एकटीने पोटात घेऊन हिंडलेली. बाईंना फक्त तिची माया आली. त्यांनी तिला जवळ ओढलं आणि डोक्यावरून हात फिरवला.

"कोंडीराम, लाव बाबा तुझं क्रिकेट," त्या म्हणाल्या. मग चैतालीला, "उद्या सहाला ये. नखं कापून ये. केस घट्ट बांध."

"पण बाई, तुम्ही तर आता सल्लागार," चैताली म्हणाली.

"हिंमतराव," बाईंनी विचारलं, "सल्लागाराला कुलपाची किल्ली मिळते का?"

"साडेपाचला आणून देतो," हिंमतराव म्हणाले.

सोमवारी ते पाच वाजून पंचवीस मिनिटांनी आले. बाई पायरीवर बसलेल्या होत्याच, आणि त्यांच्याशेजारी केस घट्ट बांधून चैताली.